पास असला तरी टॅप करायचंच का? माझा अनुभव

मासिक पास खिशात असताना मला विनातिकीट प्रवासाचा दंड झाला. पासची मुदत शिल्लक होती, झोनही (पास ज्या भागांत चालतो ते) बरोबर होते. फक्त गाडी बदलताना फलाटावरच्या यंत्राला कार्ड लावल्याची, म्हणजे टॅप केल्याची, नोंद नव्हती, कारण ते यंत्रच बंद पडलं होतं. तपासनिसांनी माझं कार्ड हातातल्या मशीनला लावलं, तेव्हा पडद्यावरच्या दोन ओळी मी स्वतः वाचल्या. वर 'पास वैध', खाली 'प्रवेशाची नोंद नाही'. पावती फाटली ती खालच्या ओळीवरून.

मी लगेच त्याच फलाटावर परतले. काळ्या पडलेल्या पडद्याचा फोटो काढला. यंत्राचा क्रमांक आणि वरचं घड्याळ दोन्ही त्यात येईल असा.

ऑनलाइन तक्रारीला छापील उत्तर आलं: 'पासधारकांनीही टॅप करणे बंधनकारक आहे.' मग मी प्रवासाच्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्या. बंधन खरंच होतं. बंद यंत्राचं काय, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं.

पैसे आधीच भरले असताना टॅप कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. कारणं पटण्यासारखी आहेत. एकच पास अनेक कंपन्यांच्या गाड्यांत चालतो, तेव्हा जमा पैशाची वाटणी बऱ्याचदा टॅपच्या नोंदींवरून होते. कुठल्या वेळी जादा गाडी हवी, हेही त्यावरूनच कळतं. हरवलेलं कार्ड बंद केलं, तरी यंत्राला लावल्याशिवाय ते अडणार कसं? आणि पासच्या हद्दीपलीकडे जायचं असेल, तर सुरुवात कुठून झाली ते यंत्रणेला ठाऊक हवं. नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जाऊ शकतं.

नियम सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत मे २०२३ पासून सुरू असलेलं डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्यांत चालणारा मासिक पास, टॅप करावं लागत नाही, तपासनिसाला दाखवलं की झालं. नेदरलँड्समध्ये नेमकं उलट. तिथे पासवाला असो की मोफत प्रवासाची सवलत असलेला विद्यार्थी, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावायचंच. लंडनच्या बसमध्ये स्मार्टकार्डावर ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे तिथला पास, असला तरी चढताना टॅप हवाच. पॅरिसमध्येही सक्ती आहे, पण चालू पास असून टॅप न केलेल्याला तिथे वेगळा दंड आहे, विनातिकीट प्रवाशापेक्षा बराच कमी. मला हेच न्याय्य वाटतं. भाडं भरलं की नाही ही एक गोष्ट, नोंद झाली की नाही ही दुसरी. दोन्हींना एकच शिक्षा लावणं म्हणजे महिनाभराचे पैसे आगाऊ भरणाऱ्याला फुकट्यांच्या रांगेत उभं करणं. त्या पावतीवर 'विनातिकीट' हा शब्द होता आणि मला पैशांपेक्षा तोच जास्त लागला.

दुसऱ्या अर्जात मी फोटो जोडला, पासची पावती जोडली आणि एकच मागणी केली: त्या तासाभरात त्या यंत्रावर झालेल्या सगळ्या टॅपची नोंद तपासा. ऐन गर्दीची वेळ होती. यंत्र चालू असतं तर शेकडो लोकांची नोंद सापडायला हवी होती. एकाचीही नव्हती.

दंड रद्द झाल्याचं पत्र आलं आणि थोड्या दिवसांनी रक्कम खात्यात परत आली. यंत्र बंद दिसल्यास दुसऱ्या यंत्रावर टॅप करावे किंवा कर्मचाऱ्याला कळवावे, अशी सूचनाही पत्रात होती. ती अटींमध्येच छापा, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे. त्यावर अजून उत्तर नाही.

तुमच्याकडे पास असेल तर एवढं करा. कार्ड पाकिटातून बाहेर काढून लावा, कारण शेजारच्या बँक कार्डामुळे यंत्राचा गोंधळ होतो आणि कधीकधी पैसे त्यातूनच जातात. हिरवा दिवा लागेपर्यंत हात काढू नका. यंत्र बंद असेल तर पुढे जाण्याआधी त्याच्या क्रमांकासकट फोटो काढा. आणि दंड झालाच, तर पहिल्या नकारावर थांबू नका. यंत्राची नोंद मागा.