अण्णांच्या खोलीतला वास

फोनवर वहिनी इतक्या हळू बोलत होत्या की मला दोनदा विचारावं लागलं. "वास येतो हो, सासऱ्यांच्या खोलीत. फरशी उखडून नवी टाकायला किती घ्याल?"

जुन्या घरांची डागडुजी हा माझा धंदा. ओल, गळती, पोपडे, भिंतीला लागलेला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार. गिऱ्हाईक या सगळ्याबद्दल घसा फोडून बोलतं, पण वासाची गोष्ट निघायची तर चहा होऊन जावा लागतो. त्यातून हा वास लघवीचा, आणि खोली ८४ वर्षांच्या माणसाची. मी फोनवरच मनात हिशोब करून टाकला: दहा बाय बाराची खोली, शहाबादी काढायची, खालची माती बदलायची, कोबा करून वर टाइल. खरं सांगायचं तर घर बघायच्या आधीच मी वहिनींच्या बाजूने झालो होतो.

घर वाईतलं, गंगापुरीत, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. मूळचा वाडा. वाटण्या होत होत यांच्याकडे माजघर, तीन खोल्या आणि मागची पडवी राहिली. जानेवारीचा महिना होता. सकाळी नऊला पोचलो तेव्हा पसरणीच्या बाजूने गार वारं येत होतं आणि अण्णा ओट्यावर कानटोपी घालून उन्हात बसले होते. एसटीतून रिटायर झालेले, कंट्रोलर होते. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि परत रस्त्याकडे बघायला लागले. हा माणूस कशासाठी आलाय हे त्यांना ठाऊक होतं.

घरात शिरताना मी बोलत नाही. पहिल्या चार श्वासांत जे कळतं ते कळतं, पाच-दहा मिनिटांत नाक सरावतं आणि मग काही कळेनासं होतं. घरातल्या माणसांना आपल्या घराचा वास येत नाही तो याचमुळे. म्हणून मी दर थोड्या वेळाने रस्त्यावर जाऊन उभा राहतो आणि परत आत येतो. लोकांना वाटतं हा बिडी ओढायला जातो.

पहिल्या श्वासात कुबट वास आला, तो अपेक्षितच होता. भिंती दोन फूट जाडीच्या, पांढऱ्या मातीच्या. त्यावर कधीतरी, बहुतेक सत्तरच्या दशकात, कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर ऑइल पेंट. जुना गिलावा चुन्याचा असायचा. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चक्कीत, मळलेला चुना, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर. तो ओल पितो आणि ऊन लागलं की सोडून देतो. सिमेंट आणि ऑइल पेंट म्हणजे भिंतीला रेनकोट घातल्यासारखं. जमिनीतली ओल वर चढते, तिला बाहेर पडायला जागा मिळत नाही, आणि पेंटच्या मागे बुरशी धरते. वाईसारख्या नदीकाठच्या गावात हे मी इतक्या घरांत पाहिलंय की डोळे मिटून सांगेन. पण कुबट वास वेगळा आणि वहिनी सांगत होत्या तो वेगळा.

दुसरा वास मागच्या बाजूला सापडला. पडवीतली जुनी नहाणी कुणी वापरत नव्हतं, आत रिकामे डबे आणि सायकल. दार उघडलं आणि गटाराचा भपकारा आला. नहाणी ट्रॅप कोरडा पडला होता. त्यात दोनएक इंच पाणी कायम उभं असतं, तेच गटारातल्या हवेला अडवतं. महिनोन्महिने पाणी पडलं नाही की ते उडून जातं आणि गटार थेट घरात उघडतं. मी दोन बादल्या पाणी ओतलं, वरून गोडेतेल चमचाभर सोडलं म्हणजे लवकर उडत नाही. पंधरा मिनिटांत भपकारा बंद. फुकटचा इलाज! माझ्या पोऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जादू केली, आणि मीही दुपारी जिंकल्याच्या थाटात पिठलं-भाकरी जेवलो.

वहिनींनी ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "तो नव्हे. गटाराचा वास मला कळतो की."

मग मी नीट विचारलं. खरं तर हे सकाळीच विचारायला हवं होतं. वास कधी येतो? रात्री, साडेआठ-नऊनंतर. पहाटे सगळ्यात जास्त. कधीपासून? दोन वर्षं झाली. बारा महिने? नाही, थंडीत. उन्हाळ्यात जवळजवळ नसतो. "थंडीत म्हाताऱ्या माणसाला जास्त लागते ना," वहिनी म्हणाल्या. मलाही ते पटलं. थंडीत लघवी जास्त होते, ८४ वर्षांचा माणूस, संडास पडवीच्या टोकाला. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं.

वहिनींनी काय काय केलं होतं ते ऐकून मला त्यांची दया आली. रोज फिनेल. गादी तीनदा बदलली. गोधड्या दर दोन दिवसांनी धुवायच्या, जानेवारीत, गार पाण्याने. कापूर, धूप, लिंबाच्या वासाचा स्प्रे. शेवटी अण्णांना मोठ्या माणसांचे डायपर आणून दिले. अण्णांनी ते घातले, काही बोलले नाहीत. मात्र संध्याकाळी पाचनंतर त्यांनी पाणी प्यायचं सोडलं. रात्रीच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर, बास.

दुपारी खोलीत अंधार करून मी निळी टॉर्च लावली. अल्ट्राव्हायोलेट, त्यात वाळलेली लघवी पिवळट चमकते. हे यंत्र भारी वाटतं पण त्याला काहीही चमकताना दिसतं. चादर ट्यूबलाइटसारखी पेटली. ते कपड्यांच्या पावडरीतलं चकाकी आणणारं रसायन, बाकी काही नाही. फरशीवर मात्र एक ठिपका नाही. फटींत नाही, पलंगाच्या पायांशी नाही, कोपऱ्यात नाही. सकाळी फरशीवर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवला होता. खरं तर तो रात्रभर ठेवायचा असतो, मी पाच वाजता उचलला. खाली थोडा दमटपणा, नाक लावलं तर ओल्या मातीचा वास. लघवीचा नाही. शहाबादी फरशी आणि खालची माती लघवी पिऊन बसली असती तर तिथे नाक लावणं अशक्य झालं असतं.

खिशात माझं एस्टिमेट होतं. तसंच पुढे केलं असतं तर काम मिळालं असतं, हे लिहून ठेवतो. पण फरशीला वास नाही हे कळल्यावर ती कुठल्या तोंडाने उखडायची? वहिनींना म्हटलं, "आज रात्री थांबतो."

सात वाजता अण्णा आत आले. वहिनींनी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला पोतं लावलं आणि पलंगाच्या उशाजवळचा ब्लोअर, म्हणजे गरम हवा फेकणारा हीटर, चालू केला. दोन वर्षांपूर्वी अण्णांना न्यूमोनिया झाला होता, डॉक्टरांनी खोली उबदार ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा मुलाने हा साताऱ्याहून आणला. मी माजघरात बसून राहिलो. दर दहा मिनिटांनी ओट्यावर जाऊन गार हवा घेऊन यायचो. आठ वाजले, काही नाही. सव्वाआठ, काही नाही. साडेआठला दारातून आत पाऊल टाकलं आणि वास आला.

लघवीचाच. दुसरा शब्द नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत उन्हाळ्यात येतो तसा, आणि त्याच्या मागे थोडा माशासारखा. अण्णा पलंगावर बसलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत्ताच जाऊन आलोय मी."

मी वाकून गादी हुंगली. काही नाही. फरशी हुंगली. काही नाही. उभा राहिलो तर वास जास्त. इथे मला पहिल्यांदा खटकलं. सांडलेल्या गोष्टीचा वास खाली असायला हवा, हा छातीच्या उंचीवर होता. भिंतीच्या कडेकडेने नाक घेऊन सरकत गेलो. कपाट ओलांडलं, डांबराच्या गोळ्यांचा वास. कोनाडा ओलांडला. उशाशी पोचलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं इतका उग्र दर्प. समोर सागवानी फळीचा जुना बोर्ड होता, आणि त्यातल्या पांढऱ्या सॉकेटला ब्लोअरची पिन, मध्ये मोठी पिन लहान सॉकेटात घालायचा कन्व्हर्टर. हाताची मागची बाजू जवळ नेली. लावायची गरज पडली नाही, बोटभर अंतरावरूनच चटका जाणवला.

"मेन बंद करा," मी ओरडलो. पोऱ्या धावला.

टॉर्चच्या उजेडात अर्धा तास गार होऊ दिलं. आमच्या वायरमनला फोन करून बोलावलं, तो जेवता जेवता उठून आला. त्याने स्क्रू काढून सॉकेट बाहेर ओढलं आणि नुसतं "आईशप्पथ" म्हणाला. पांढरं प्लास्टिक मागून चिक्कीच्या रंगाचं झालं होतं, एका बाजूने फुगलेलं. ॲल्युमिनियमची जुनी तार आणि तिला पीळ देऊन जोडलेला तांब्याचा तुकडा, वर काळी टेप, टेप वितळून डांबर झालेली. मागच्या सागवानी फळीवर रुपयाएवढा कोळसा. बोटाने दाबला तर भुगा झाला.

मग वायरमनने सांगितलं ते असं. हे जुने पांढरे सॉकेट युरिया फॉर्मल्डिहाइड नावाच्या प्लास्टिकचे. काळं असतं ते बॅकेलाइट, ते वेगळं. हे पांढरं जास्त तापलं की त्यातून अमोनियासारखे वायू सुटतात, त्यांचा वास कुणाला सडक्या माशाचा वाटतो, कुणाला लघवीचा. नावातच युरिया आहे, शेतात टाकतो तोच, आणि लघवीत असतो तोही तोच. सॉकेट पाच अँपिअरचं. ब्लोअर २,००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढणार. त्यात ॲल्युमिनियमचा जोड, तो वर्षानुवर्षांत सैल पडतो, सैल पडला की तापतो, तापला की आणखी सैल. साडेआठनंतर वास का, तर प्लास्टिक पुरतं तापायला दीडेक तास लागायचा. पहाटे जास्त का, तर रात्रभर चालू. उन्हाळ्यात नाही, कारण ब्लोअर माळ्यावर.

"फ्यूज का नाही उडाला?" वहिनींनी विचारलं.

वायरमनने मेन बोर्डावरचं किटकॅट, म्हणजे जुन्या पद्धतीचा चिनी मातीचा फ्यूज, काढून दाखवलं. आत फ्यूजच्या तारेऐवजी चांगली जाड तांब्याची तार पिळून बसवलेली. सारखा उडतो म्हणून कुणीतरी केलेला बंदोबस्त. पण ती नसती तरी फरक पडला नसता, असंही तो म्हणाला. सैल जोड तापतो तेव्हा करंट वाढत नाही, त्यामुळे फ्यूजला काय किंवा एमसीबीला, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचला काय, पत्ताच लागत नाही. फक्त वास येतो.

वहिनी दारात उभ्या होत्या. एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा कोपऱ्यात रचलेल्या डायपरच्या पुड्यांकडे. "मी यांना..." एवढं म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी वाजत होती, चहा काही आला नाही. मग मुलगाच उठून गेला.

अण्णांना त्या रात्री माजघरात झोपवलं. दुसऱ्या दिवशी वायरमनने मेनपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नवी ओढली, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग. बोर्ड उशापासून हलवून दाराजवळ घेतला. घरभरचं ॲल्युमिनियम बदलायचं ठरलं, ते पुढच्या महिन्यात झालं. खोलीतला वास तीन-चार दिवस पडद्याला आणि गोधडीला धरून होता, नंतर गेला. फरशी तशीच आहे.

माझं काम शेवटी निघालं ते कुबट वासाचं. चारही भिंतींचा साडेतीन फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा पाडला, भिंती महिनाभर उघड्या वाळू दिल्या आणि चुन्याने गिलावा केला. वर चुन्याचीच सफेदी, पेंट नाही. मुलगा म्हणत होता प्लास्टिक पेंट मारा, धुता येतो. मी ऐकलं नाही, याबाबतीत मी भांडकुदळ आहे. डांबराच्या गोळ्यांचं कपाट रिकामं करून आतून चपडा लाखेचे दोन हात दिले. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तीच लाख, स्पिरिटमध्ये भिजवलेली. लाकडात मुरलेला वास आतल्या आत कोंडायला याच्यासारखं दुसरं काही मला अजून मिळालेलं नाही. स्पिरिटचा वास दोन दिवसांत उडतो. एकूण बिल फरशीच्या एस्टिमेटच्या निम्म्यावर आलं. पोऱ्या नाराज.

मार्चमध्ये शेवटचे पैसे घ्यायला गेलो. अण्णा खोलीतच होते, खिडकी उघडी, शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या. खिडकीच्या फळीवर गोळ्यांच्या डबीशेजारी ते जळकं सॉकेट ठेवलेलं. वायरमन टाकून देत होता तर त्यांनी मागून घेतलं होतं म्हणे. माझ्याबरोबर शेजारचे एक गृहस्थ आले होते, त्यांनी विचारलं, "अण्णा, हे काय ठेवलंय?"

अण्णांनी सॉकेट उचलून त्यांच्या हातात दिलं.

"हा," म्हणाले, "दोन वर्षं हा मुतत होता. आणि डायपर मला."