चिखलाची वही : कवडी, पाषाण आणि शेकाट्याचे पाय

मंडळी, यंदाच्या हिवाळ्यात पक्षी मोजण्यापेक्षा काठ मोजायचा असं ठरवलं होतं, त्याचा हा आतापर्यंतचा हिशेब. जातींची यादी ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकतोच. मला बघायचं होतं ते हे, की पक्षी नेमके किती पाण्यात चरतात आणि तेवढं उथळ पाणी पुण्यात उरलंय कुठे.

पट्टी म्हणून पक्ष्यांचेच पाय वापरले. तुतवार आणि कंठेरी चिखल्या हे काठावरचे छोटे पक्षी पळतायत तिथे नुसता ओला चिखल. काटकुळ्या लांब पायांचा शेकाट्या 'गुडघ्या'पर्यंत बुडाला (तो खरं तर घोटा, माहीत आहे, लिहू नका) की साधारण सहा बोटं पाणी. मोठ्या चित्रबलाक करकोच्याचे निम्मे पाय दिसेनासे झाले तर वीतभर. वहीत काठाचा कच्चा नकाशा आणि त्यावर ठिपके, एवढंच काम.

पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला (म्हणजे कवडीला) ही पद्धत झकास चालते. जुन्या बंधाऱ्यामुळे पाणी पसरतं, खडक आणि गाळ उघडे पडतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की सगळं पाण्याखाली जातं. तो ओसरला की उरतो ताजा गाळ, आणि त्यावर येतात चक्रवाक आणि थापटे ही बदकं, आणि धोबी. माझे बहुतेक ठिपके काठालगतच्या अरुंद पट्ट्यात पडले. मधल्या खोल पाण्यात पाणकावळे सोडले तर फारसं कोणी नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कवडीचे थवे बघून 'नदी सुधारली' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. शहराचं सांडपाणी खाली येतं, त्यात सेंद्रिय माल भरपूर, त्यावर लाल अळ्या आणि सूक्ष्म जीव पोसतात. थापट्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, तो हे सूप गाळून पितो. शेकाट्यालाही असलं पाणी मानवतं. म्हणून आता वहीत आकड्याशेजारी 'काय खात होता' हा रकाना घातलाय. नदी सुरय किंवा कवड्या धीवर सूर मारून मासा घेऊन वर आला, तर पाण्यात मासे टिकलेत हे कळतं; ती नोंद मला शंभर शेकाट्यांपेक्षा मोलाची वाटते.

पाषाण तलावाचं प्रकरण वेगळं. राम नदीतून येणाऱ्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते, खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो. ती काढायलाच हवी, दुमत नाही. पण तलाव 'सुशोभित' करायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दगडी काठ, फरसबंद वाट आणि खोल निळं पाणी येतं. असा काठ सरळ खोल पाण्यात उतरतो. तुतवारानं उभं राहायचं कुठे?

सोसायटीच्या बैठकीत हे नकाशे दाखवले. एका काकूंनी लगेच विचारलं, "अहो, तुमचे पक्षी ठीक आहेत, पण डासांचं काय?" प्रश्न रास्त होता. जलपर्णीत अडकलेल्या पाण्यात डास होतातच. शेवटी ठरलं ते असं: वस्तीकडची जलपर्णी आधी काढावी आणि तीही पावसाआधी, असं आपण पत्रानं कळवायचं. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटं करतो, तेही ऐन पावसाळ्यात, आणि अंडी उबवतो नर. तेव्हा यंत्र फिरलं की सगळंच गेलं. पाणकणसाच्या बेटांना हात लावू नये, हेही त्या पत्रात घातलंय. काकूंनी सही केली, वर दोन शेजाऱ्यांच्याही आणल्या.

पुढचं काम: त्याच जागांवरून, तीच पट्टी वापरून मे महिन्यातला काठ. हिवाळी पाहुणे तेव्हा नसतील, टिटव्या, वंचक आणि जांभळ्या पाणकोंबड्या असतील. कोणाकडे येरवड्याच्या सलीम अली अभयारण्याकडच्या काठाचे जुने फोटो असतील तर तारखेसह पाठवा. पक्षी धूसर असला तरी चालेल, मला मागचा चिखल दिसायला हवा.