पोलिसांचा सत्कार करायचाय? मग 'अभिप्राया'ची तयारी ठेवा : माझा अनुभव

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मैदान, मांडव, माईक. पोलिसांचा सत्कार ठरला की लेआउटमधले, म्हणजे वसाहतीतले, लोक या सहा गोष्टींच्या मागे लागतात. सहाही गोष्टी आठवड्याभरात जमतात. जमत नाही तो एक साधा कागद, ज्यावर वरिष्ठांनी लिहायचं असतं की अमुक कर्मचाऱ्यांना हा सत्कार स्वीकारायला परवानगी आहे. नागपुरातल्या आमच्या नागरिक समितीचा तो कागद एका वरच्या कार्यालयात लोणच्यासारखा मुरला. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण काम शेवटी त्यांच्याकडूनच झालं. पण चीड अजून उतरलेली नाही, म्हणून त्या कागदाबद्दलच जास्त लिहिणार आहे.

"आपण चांगलंच करून राह्यलो ना, मग परवानगी काहून पाह्यजे?" हा प्रश्न आमच्या प्रत्येक बैठकीत आला. तुमच्याकडेही येईल, तर उत्तर तयार ठेवा. शिपाई असो की निरीक्षक, तो शासकीय कर्मचारी आहे आणि त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. स्वतःच्या सन्मानासाठी भरवलेल्या कार्यक्रमाला जायचं किंवा मानपत्र घ्यायचं, तर त्याला आधी परवानगी लागते. बदली किंवा निवृत्तीच्या खाजगी, अनौपचारिक निरोपाला सूट आहे. सार्वजनिक संस्थांनी ठेवलेल्या साध्या, कमी खर्चाच्या कार्यक्रमालाही आहे. पण 'साधा' आणि 'कमी खर्चाचा' हे ठरवायची जोखीम ठाण्यातलं कोणी अंगावर घेत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. आज ज्याच्या हातून शाल घेतली, त्याच्यावर उद्या गुन्हा दाखल झाला, तर तो फोटो त्या शिपायाच्याच अंगाशी येतो.

डीसीपी साहेब, म्हणजे पोलीस उपायुक्त, आयपीएस असतील तर त्यांना अखिल भारतीय सेवांचे वेगळे, 1968 चे वर्तणूक नियम लागतात. त्यामुळे त्यांचा सत्कार करायच्या भानगडीत पडू नका. त्यांना प्रमुख पाहुणे करा आणि त्यांच्या हातून शिपाई-हवालदारांचा सत्कार करवून घ्या. यात दोघांचाही मान राहतो आणि एक फाइल वाचते.

आता त्या कागदाचा प्रवास. अर्ज लिहायचा परिमंडळाच्या (झोनच्या) पोलीस उपायुक्तांच्या नावे, 'मार्फत वरिष्ठ पोलीस निरीक्षक' असं लिहून, आणि द्यायचा ठाण्यात. ठाण्यात असे अर्ज बहुतेक गोपनीयचं, म्हणजे हद्दीतली माहिती काढायचं, काम पाहणारे अंमलदार हाताळतात. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवून येऊ नका, तिथे दिवसभर तक्रारींची गर्दी असते आणि तुमचा कागद त्याखाली जातो. ठाण्यातून पीआय साहेबांच्या (पोलीस निरीक्षकांच्या) अभिप्रायासह तो एसीपींकडे (सहायक पोलीस आयुक्तांकडे), तिथून त्यांच्या अभिप्रायासह डीसीपींकडे. हा अभिप्रायच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. अभिप्राय म्हणजे कोणीतरी स्वतःच्या सहीने लिहायचं की यात हरकत नाही. अशी सही करण्यापेक्षा एखादी शंका काढून कागद खाली पाठवणं कधीही सोपं असतं.

आमच्या बाबतीत तेच झालं. कागद परत आला, कारण कर्मचाऱ्यांच्या नावांपुढे बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, नव्हते; आम्हाला ठाण्याने नावंच तशी दिली होती. ते भरून पाठवले, तर विचारणा आली की खर्च कोण करणार. त्याचं उत्तर गेलं, तर मंचावर कोण बसणार त्याची यादी मागितली. यादी गेली, तर समिती नोंदणीकृत आहे का. आणि सगळं झाल्यावर, या कर्मचाऱ्यांपैकी कोणाची विभागीय चौकशी चालू आहे का, ही माहिती ठाण्याने जोडलेली नाही, म्हणून कागद पुन्हा खाली. ही शेवटची माहिती तर नागरिकांच्या हातात असूच शकत नाही. यातली एकही शंका गैरवाजवी नाही, हे मी आजही म्हणतो. पण सगळ्या मिळून एका पानावर मावल्या असत्या. एकेक शंका वेगळ्या टपालाने काढायची आणि प्रत्येक वेळी आवक-जावकचा फेरा घालायचा, यात कोणाचं भलं झालं? विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: "साहेब बंदोबस्तात आहे भाऊ. पाहून राह्यलो ना."

म्हणून अर्जासोबत हे सगळं पहिल्याच दिवशी जोडा. नाव, पदनाम, बक्कल नंबर आणि नेमणुकीचं ठिकाण असा तक्ता. प्रत्येकापुढे सत्काराचं कारण, दोन ओळींत, तारखेसह. 'उल्लेखनीय कामगिरी' एवढं लिहून भागत नाही. खर्चाचा अंदाज आणि तो समितीच्या वर्गणीतून होणार असल्याचं अध्यक्ष-सचिवांच्या सहीचं पत्र. बिल्डर, बारमालक किंवा वाळूवाल्याचा पैसा त्यात दिसला तर परवानगी विसरा, आणि विसरायलाच हवी. मंचावरच्या पाहुण्यांची यादी. समितीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. काय भेट देणार, हेही स्पष्ट लिहा: शाल, नारळ, सन्मानपत्र. रोख रक्कम, गिफ्ट व्हाउचर, चांदीचं नाणं यातलं काहीही नको. चौकशी प्रलंबित नसल्याची माहिती ठाण्याने अभिप्रायातच लिहावी, अशी विनंती अर्जाच्या शेवटी घाला. ती ओळ असली की ठाण्यातल्या कारकुनालाही आठवण राहते. सगळ्याच्या चार प्रती करा. एक तुमची, तिच्यावर शिक्का आणि बारनिशीचा (आवक-जावक नोंदवहीचा) क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

हा क्रमांक फार महत्त्वाचा. वरच्या कार्यालयात जाऊन "आमच्या सत्काराच्या अर्जाचं काय झालं" असं विचारलं तर कोणालाच काही कळत नाही. "अमुक ठाण्याचा जावक क्रमांक अमुक, तारीख अमुक" असं विचारलं की वही उघडते आणि दोन मिनिटांत सापडतं. प्रत्येक पायरीवर जुना जावक आणि नवा आवक, दोन्ही नंबर लिहून घ्या. साहेबांच्या दालनाबाहेर बसून वेळ घालवू नका. कागद वाचक शाखेच्या, म्हणजे साहेबांचं टपाल पाहणाऱ्या शाखेच्या, टेबलावर असतो, तिथे विचारा.

हे एवढं अडतं याचं आणखी एक कारण आहे. लाउडस्पीकरचा परवाना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांमध्ये आहे. त्याला मुदत आहे, मुदत टळली तर अपील आहे. सत्कार स्वीकारायच्या परवानगीला असं काही नाही, कारण ती नागरिकाला द्यायची सेवाच नव्हे, कर्मचाऱ्याला द्यायची मुभा आहे. त्यामुळे माईकची परवानगी हातात आणि ज्यांच्यासाठी माईक लावायचा त्यांची नाही, असा प्रकार होतो. आमच्यातल्या एकाने माहिती अधिकार टाकू म्हटलं होतं. दहा रुपयांत टाकता येतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण ज्यांचा सत्कार करायचाय त्यांच्याच कार्यालयात त्यांच्या नावाने माहिती अधिकार? त्यापेक्षा डीसीपींच्या भेटीच्या वेळेत समितीच्या दोघांनी जाऊन एका पानाचं स्मरणपत्र हातात देणं बरं. आमचा कागद त्यानंतरच हलला. हलल्यावर किती पटकन आला ते पाहून आनंद झाला आणि संतापही.

निमंत्रणपत्रिका परवानगी हातात आल्याशिवाय छापू नका. तारीख 'नियोजित' म्हणून कळवा.

आता तारखेचंच. नागपूर पोलिसांचं वर्ष बंदोबस्तावर चालतं आणि फाइली बंदोबस्तात हलत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे यांच्या पुतळ्यांची मिरवणूक, लगेच गणपती, मग नवरात्र, दसऱ्याला दीक्षाभूमी, मग दिवाळी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. मोर्चे, व्हीआयपी, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या फौजेची सोय. त्या काळात सत्काराचा कागद कोणी पाहील अशी आशा धरू नये. आणि लोकांना कार्यक्रम हवा असतो तो नेमका 2 ते 8 जानेवारीत, म्हणजे पोलीस रेझिंग डे सप्ताहात. 2 जानेवारी 1961 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, त्याचा हा सप्ताह. त्या आठवड्यात ठाणीच शाळेच्या मुलांना बोलावतात, शस्त्रं दाखवतात, त्यामुळे पोलिसांचीही तयारी असते. पण त्यासाठी अर्ज दिवाळीनंतर लगेच गेला पाहिजे. अधिवेशन सुरू झालं की मधली खिडकी बंद. जानेवारी नको असेल तर 26 जानेवारीनंतर ते रामनवमीच्या शोभायात्रेआधीचा काळ बरा. आचारसंहिता लागली असेल तर सरळ पुढे ढकला. 21 ऑक्टोबर टाळा. तो पोलीस स्मृतिदिन, 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे मारल्या गेलेल्या जवानांचा. त्या दिवशी ढोल-ताशा शोभत नाही.

नावं कोणाची द्यायची? ठाण्याला विचारलं तर यादी ज्येष्ठतेने येते. ती घ्या, पण तुमची यादी वेगळी करा. रात्री दोन वाजता गल्लीत फिरणारे चार्ली (मोटारसायकलवर गस्त घालणारे पोलीस), एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी डोकावणारी महिला अंमलदार, ही माणसं लोकांना चेहऱ्याने माहीत असतात, नावाने नाही. अशा वेळी तारीख, वेळ आणि जागा लिहून द्या, जमलं तर मोटारसायकलचा नंबर. ड्युटी रजिस्टरवरून नाव काढता येतं. 112 ला फोन केला असेल तर त्याची वेळही लिहा. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराचं नाव मात्र याच अर्जात घालू नका. वाहतूक शाखेचे डीसीपी वेगळे, त्यामुळे अर्जही वेगळा. होमगार्डला तर जिल्हा समादेशकांकडून परवानगी. एकाच यादीत तिघांना घातलं की ती यादी कोणाचीच राहत नाही.

मंचावर एकूण पंचवीसहून जास्त सत्कार ठेवू नका. एकाला दीड मिनिट धरलं तरी पाऊण तास जवळ येतो, त्यात भाषणं. ज्यांची साप्ताहिक सुट्टी आहे त्यांना बोलावून ती वाया घालवू नका. ड्युटी बदलायच्या वेळेला लागून संध्याकाळचा कार्यक्रम ठेवा, म्हणजे सुटणारे आणि लागणारे दोघेही येतात. गणवेशात, टोपी घालून आलेल्या माणसाला फेटा बांधायचा हट्ट धरू नका. नगरसेवक व्हायच्या तयारीतले दोन-तीन जण हमखास मंचावर चढायला पाहतील; मंजूर झालेली यादी दाखवा, ती याच कामाला येते.

सन्मानपत्राचा मजकूर वकिलाला दाखवून घ्या. खटला चालू असलेल्या गुन्ह्याच्या तपासाचं कौतुक त्यात नको; आरोपीचा वकील तेच पत्र कोर्टात वापरू शकतो. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असा शब्दही नको, भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली तो गुन्हा आहे. हरवलेलं मूल शोधून दिलं असेल तर मुलाचं नाव, शाळा आणि फोटो वगळा.

मैदानाचं थोडक्यात: ते मनपाचं आहे की नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं), हे आधी शोधा. लेआउटमधल्या मोकळ्या जागेबद्दल दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. दवाखाना, शाळा किंवा कोर्टापासून शंभर मीटरच्या आत असेल तर ते शांतता क्षेत्र असू शकतं, दुसरी जागा पाहा. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर माईक बंद. पोलिसांच्याच कार्यक्रमात दहा वाजून पाच मिनिटांनी भाषण चालू राहिलं तर शेजारचे 112 लाच फोन करतील.

खायला तर्री-पोहे आणि चहा. सावजी जेवणाची टूम निघाली होती, ती मी हाणून पाडली. 'साधा, कमी खर्चाचा' हे शब्द आपणच अर्जात लिहिलेले असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं राहूनच जात होतं. शाल कपाटात जाते. कर्मचाऱ्याच्या कामी येतो तो सेवापट, म्हणजे त्याच्या नोकरीची नोंद. म्हणून सत्कार होवो न होवो, प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी डीसीपींच्या नावे वेगळं प्रशंसापत्र द्या, प्रत पोलीस आयुक्तांना. त्यात नाव, बक्कल नंबर, तारीख, वेळ, जागा, काय केलं, कोणी पाहिलं, आणि शेवटी 'योग्य वाटल्यास बक्षीस देऊन सेवापटात नोंद घ्यावी' ही विनंती. वरिष्ठांना बक्षीस देता येतं आणि ते सेवापटावर चढतं. दरवर्षी 1 मेच्या सुमारास जाहीर होणाऱ्या पोलीस महासंचालकांच्या सन्मानचिन्हाच्या प्रस्तावात हाच सेवापट पाहिला जातो. सगळ्यांचं मिळून एक पत्र देऊ नका, ते कोणाच्याच फाइलला लागत नाही. या पत्राला परवानगी लागत नाही, वर्गणी लागत नाही. आवक क्रमांक मात्र इथेही घ्या आणि महिन्याभराने वाचक शाखेत तोच क्रमांक सांगून नोंद झाली का ते विचारा.