डाव्या बाजूची नोंद : सहावा आठवडा

मी पोल स्पोर्टची, म्हणजे उभ्या खांबावरच्या कसरतींची, स्पर्धक आणि शिक्षिका. गेल्या सहा आठवड्यांत शिकवण्याच्या फिरतीवर पाच स्टुडिओ झाले, एक स्पर्धा झाली, आणि डाव्या बाजूची आयशा अखेर दोन सेकंद टिकली. (आयशा म्हणजे दोन्ही हातांनी पोल धरून, डोकं खाली आणि फाकवलेले पाय वर, अंग पोलपासून दूर तोलायची मूव्ह. डाव्या बाजूची म्हणजे डावा हात वर.) आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स फेडरेशनच्या नियमांत सक्तीच्या मूव्हज किमान २ सेकंद धराव्या लागतात, म्हणून मीही तेवढंच मोजलं. व्हिडिओ किती वेळा पाहिला ते विचारू नका.

हे सुरू झालं एका वर्कशॉपमध्ये. आयशाच शिकवत होते. कोपऱ्यातल्या पोलवर एक मुलगी केव्हाची धडपडत होती. "खालच्या हाताने ढकल" हे मी तिला तीनदा सांगून झालं होतं. चौथ्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, "ताई, मी डावखुरी आहे. एकदा डावीकडून करून दाखवता का?" मी पोल धरला, डावा हात वर नेला, कंबर उचलायला गेले आणि पाय जमिनीवरून हललेच नाहीत. शेवटी तिला तोंडीच समजावलं. तिने ते जमवलंही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

स्पर्धक म्हणून मी दोन्ही बाजूंचा सराव करते असं मला वाटत होतं. पण शिकवताना डेमो कायम चांगल्या बाजूने दिला जातो, कारण समोर दहा जणी बघत असतात आणि चूक दाखवायची नसते. दीड-दीड तासाच्या दोन वर्कशॉप म्हणजे उजवीकडचे पंधरा-वीस डेमो. असं वर्षानुवर्षं चाललं की उजवी बाजू शिकवत राहते आणि डावी नुसती प्रवास करते. शिकवणाऱ्या सगळ्यांनी स्वतःचे महिन्याभराचे व्हिडिओ एकदा बघाच.

पहिले दोन आठवडे हातांची आयशा केलीच नाही. फोरआर्म आयशाने सुरुवात केली. त्यात नुसता तळवा नाही, मनगट ते कोपर हा भागही पोलला टेकतो आणि आधार मिळतो. मग कप ग्रिप, म्हणजे अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून धरायची पकड. ट्विस्टेड ग्रिप मी मुद्दाम टाळली. त्यात वरचा खांदा आतल्या बाजूला पूर्ण वळलेला असतो, आणि खांदा ताकदीने धरून ठेवता येत नसेल तर सगळं वजन सांध्यावर लोंबतं. उजव्या खांद्याने हा धडा मला आधीच शिकवलाय. डाव्याला पुन्हा त्याच शाळेत घालायचं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात चूक सापडली. मी वरच्या हाताने ओढत होते आणि खालचा हात नुसता पोलवर ठेवलेला होता. म्हणजे मी त्या मुलीला जे तीनदा सांगितलं, तेच माझा डावीकडचा खालचा हात करत नव्हता. खालचं कोपर सरळ, तळवा पोलला ढकलतोय, खांदा कानापासून दूर, आणि मगच कंबर वर. उडी मारून पाय फेकले की एखाद्या वेळी जमून जातं, पण कशामुळे जमलं ते अंगाला कळत नाही. त्यामुळे उडी बंद. रोज पाच प्रयत्न, सहावा नाही.

आता पोलबद्दल, कारण फिरतीवर खरी अडचण तिथे असते. स्पर्धेचा पोल ४५ मिलिमीटर जाडीचा. स्टुडिओत कधी ५० चाही भेटतो. पाच मिलिमीटर ऐकायला काही नाही, पण मूठ मिटताना बोटांची टोकं जिथे तळव्याला टेकायची तिथे ती पोहोचत नाहीत. पितळी पोल चांगली पकड देतो, क्रोम त्या मानाने निसरडा. विमानातली हवा इतकी कोरडी की उतरल्यावर पहिल्या दिवशी माझी कातडी कागदासारखी होते. अशा वेळी लिक्विड चॉक (घाम टिपायला हाताला लावायची पातळ खडूसारखी पूड) लावलं तर ते उरलासुरला ओलावाही घेऊन जातं आणि पकड आणखी सुटते. कोरड्या हाताला चिकट ग्रिप (हाताला लावायचा चिकट लेप), घामट हाताला चॉक. एवढं समजायला मला दोन वर्षं लागली. (मल्लखांबाला एरंडेल चोळतात, आणि आम्ही सरावाच्या आदल्या दिवसापासून लोशनला हात लावत नाही. खांबाखांबाचा स्वभाव वेगळा.)

नव्या ठिकाणी पहिली दहा मिनिटं मी एकही मूव्ह करत नाही. स्पिरिटने पोल पुसायचा, दोन्ही हातांनी वर-खाली चोळून थोडा ऊबदार करायचा, साधं चढायचं, मांडी कुठे धरते ते बघायचं. थंड पोल घाई केली की हमखास फेकतो.

स्पर्धेत दोन पोल असतात, एक स्थिर आणि एक फिरता. स्थिरवर सगळं मनासारखं झालं. फिरता मात्र माझ्या सरावाच्या पोलपेक्षा फारच हलका निघाला. पाय आत घेतल्यावर वेग वाढणार हे माहीत असतंच, पण इतका वाढला की हात बदलायची जागा निसटली आणि एक सक्तीची मूव्ह गेली. पाय बाहेर काढून वेग उतरवायला हवा होता. तालमीच्या वेळी मी तो पोल फक्त तीनदा फिरवून पाहिला होता. पुढच्या वेळी अख्खा क्रम त्या पोलवर अर्ध्या ताकदीने करून बघणार. चूक पोलची नाही, माझ्या तयारीची.

वर्कशॉपमध्ये आता प्रत्येक डेमो दोनदा देते, आधी डावीकडून. वेळ जास्त जातो, म्हणून दीड तासात चारऐवजी तीनच मूव्ह बसतात. एक-दोघींनी नाराजी दाखवली. पण माझ्या अडखळत्या बाजूचा डेमो बघून नवशिक्या जे प्रश्न विचारतात ते फार नेमके असतात: आत्ता वजन कुठे आहे, श्वास कधी सोडलात. उजवीकडचा डेमो बघून हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

आजची स्थिती : डावी आयशा, स्थिर पोल, कप ग्रिप, उडीशिवाय. पाचपैकी दोनदा २ सेकंद. फिरत्यावर शून्य. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा ताण जाणवतोय, म्हणून उद्या सुट्टी. परवा नवं शहर. तिथला पोल पितळी आहे असं कळलंय, त्यामुळे या वेळी चिकट ग्रिपची बाटली बॅगेच्या तळाला.