तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीमंतीवर देवाचा राग असतो का?

मी ख्रिस्ती आहे, बायबल वाचते हे कळलं की ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या शास्त्रात श्रीमंत असणं पाप आहे का हो?" आमच्या मंडळीतली माणसं उलट बाजूने विचारतात, "भरभराट म्हणजे देवाचा आशीर्वादच ना?" दोघांनाही मी बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक काढून देते. अध्याय नऊच आहेत.

आमोस यहूदा या दक्षिणेकडच्या राज्यातल्या तकोवा गावचा मेंढपाळ. उंबराच्या जातीच्या झाडांचीही निगा राखायचा. ही फळं वेळेवर टोचावी लागतात, तेव्हा पिकतात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, दुसऱ्या यराबाम राजाच्या काळात, तो सीमा ओलांडून उत्तरेला इस्राएलात गेला. तिथे चांगले दिवस होते. राज्याची हद्द वाढलेली, बेथेलच्या देवस्थानातल्या वेदीवर अर्पणांची रीघ. देव प्रसन्न आहे याला आणखी काय पुरावा हवा? आमोस म्हणाला, हस्तिदंती घरं नष्ट होतील.

राजधानी शोमरोनच्या उत्खननात १९३० च्या दशकात त्या हस्तिदंताचे शेकडो तुकडे निघाले. कमळं, पंख असलेले स्फिंक्स, कशावर सोन्याचा पत्रा, कशात रंगीत काच बसवलेली. त्याआधी १९१० मध्ये त्याच टेकडीवर शाईने लिहिलेली खापरं सापडली होती, आमोसाच्याच शतकातली. कुठल्या गावाहून, कुणाच्या नावे 'जुना द्राक्षारस' आला, 'धुतलेलं तेल' आलं, याच्या त्या नोंदी. आमोसाच्या सहाव्या अध्यायात हस्तिदंती पलंगांवर पसरलेली माणसं कटोरेच्या कटोरे द्राक्षारस पितात, उंची तेल अंगाला लावतात. खापरांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

त्याच वचनाच्या शेवटी आमोस म्हणतो, योसेफाच्या, म्हणजे आपल्याच लोकांच्या, नाशाचं यांना दुःख नाही. माझ्या मते सगळा आरोप इथे आहे.

आठव्या अध्यायात तो बाजारात उतरतो. व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी सरेल याची वाट पाहतायत, धान्य विकायला. एफा लहान करायचा, शेकेल मोठा. तेव्हा नाणी नव्हती, गिऱ्हाईक चांदी तोलून द्यायचं. म्हणजे धान्याचं माप लहान आणि चांदीचं वजन भारी: गरीब दोन्हीकडून नागवला. वर गहू चाळून उरलेला कचराही विकायचा. आणि जोड्याच्या किमतीत माणूस विकत घ्यायचा.

माझी आई हा भाग वाचताना थांबायची. तिच्या लहानपणी आजी कापणीची मजुरी धान्यात आणायची. मळेवाल्याकडे मजुरी द्यायची पायली वेगळी, उसनं दिलेलं परत घ्यायची वेगळी. आजी घरी आपल्या मापाने पुन्हा मोजायची आणि दर खेपेला कमी भरायचं. बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी तिथेच कामाला जायचं असे. आईला आमोस समजावून सांगायला पाळकसाहेब लागले नाहीत.

तर श्रीमंती पाप आहे का? किती असावं याचा आकडा आमोस कुठेही देत नाही. तो माप तपासतो. आणि आशीर्वादाचं म्हणाल, तर पाचव्या अध्यायात देव त्याच भरलेल्या वेदीकडे पाहून म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. बेथेलचा याजक अमस्या चिडला नसता तरच नवल. इथून चालता हो, म्हणाला, यहूदात जाऊन पोट भर.

इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने शोमरोन घेतलं. त्यांच्या सर्गोन राजाच्या लेखात तिथून नेलेल्यांचा आकडा २७ हजारांच्या वर आहे. पलंगांवर लोळणारे सगळ्यात आधी बंदिवान होतील, असं आमोसाने सांगितलं होतं. पण एवढ्या माणसांत ज्यांचं माप कमी भरलं होतं तीही असतील. हे मी आईला एकदा विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मलाही तेच सलतं."