फेडरल स्ट्रीटवर एक चर्च होतं

रविवारी सकाळी नऊ वाजता बॉस्टनच्या फेडरल स्ट्रीटवर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या उंच इमारती, मधल्या फटींतून अंगावर येणारा वारा, आणि मी पिशवीत एक जाडजूड पुस्तक घेऊन रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिसऱ्यांदा चालत होते. मुलगी उघडं दुकान शोधायला पुढे गेली होती. एका इमारतीच्या काचेच्या दारातून पहारेकरी बाहेर आला. काय शोधताय, विचारलं त्याने. म्हटलं, इथे एक चर्च होतं. "इथे चर्च नाही." म्हटलं, आता नाही, १७८८ साली होतं. त्यावर त्याने मला दारासमोरून बाजूला व्हायला सांगितलं आणि तो आत गेला.

त्याचं काही चुकलं नाही, तरी मन फार खट्टू झालं. चारच दिवसांपूर्वी वॉशिंग्टनला राष्ट्रीय अभिलेखागारात सव्वा तास रांगेत उभी राहून मी अमेरिकेच्या राज्यघटनेचे मूळ चर्मपत्र पाहून आले होते. अंधुक उजेडाचा गोल दिवाणखाना, उंच खांब, काचेखाली चार पानं, फोटोला मनाई. लोक कुजबुजत पुढे सरकत होते. कुणी काही वाचत नव्हतं, वाचण्याइतका वेळ रांग देतच नव्हती. पंढरपूरला पायावर डोकं टेकतो न टेकतो तोच मागचा पुढे ढकलतो, तसंच. कागदाला एवढा मान, आणि ज्या जागी तो मंजूर करायचा की नाही यावर माणसं आठवडेच्या आठवडे भांडली, तिथे आज उभं राहायलाही जागा नाही!

वॉशिंग्टनबद्दल आणखी काही लिहीत नाही. फिलाडेल्फियाचा दिवस पावसात गेला, घटनेचा मसुदा जिथे झाला तो इंडिपेन्डन्स हॉल पाहिला एवढंच. तिथून रात्रीच्या बसने बॉस्टनला आलो. बस तीन तास उशिरा सुटली, पाय आखडले, आणि साठीनंतर असा प्रवास करू नये हे मला आता कायमचं कळलं आहे.

पिशवीतलं पुस्तक अमेरिकन इतिहासकार पॉलीन मेयर यांचं. मी साताऱ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणून गेल्या खेपेला मुलीने इथल्या गावच्या वाचनालयातून ते माझ्यासाठी आणलं होतं. इंग्रजी सावकाश वाचते मी, पण त्या जवळजवळ सहाशे पानांनी मला झोपू दिलं नाही. या वेळी तिने ते विकतच घेऊन ठेवलं होतं.

मेयरबाई मूळच्या मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या, जन्म १९३८, वडील अग्निशमन दलात. कॉलेजात असताना त्या वर्तमानपत्राच्या कामात रमलेल्या होत्या. हार्वर्डला पुढच्या अभ्यासासाठी आल्या तेव्हा विसाव्या शतकाच्या राजकारणावर काम करायचं मनात होतं, पण तिथले इतिहासाचे प्राध्यापक बर्नार्ड बेलिन यांच्या सेमिनारला बसल्या आणि अठराव्या शतकात गेल्या, त्या तिथेच राहिल्या. १९७८ पासून एमआयटीत शिकवलं. इंजिनिअर व्हायला आलेल्या मुलांना इतिहास शिकवणं काय असतं, हे ज्याने दहावीच्या वर्गाला शेवटच्या तासाला नागरिकशास्त्र शिकवलंय त्यालाच कळेल.

त्यांच्या साऱ्या कामात मला एकच धागा दिसतो. १९७२ च्या पहिल्या पुस्तकात साध्या निषेधाची क्रांती कशी होत गेली ते आहे. १९९७ साली त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर लिहिलं. तो एकट्या जेफरसनच्या लेखणीतून उतरला, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. १७७६ च्या एप्रिल ते जुलैमध्ये गावांनी, तालुक्यांनी, वसाहतींच्या सभांनी आपापले स्वातंत्र्याचे ठराव केले होते. तसे नव्वदच्या आसपास ठराव त्यांनी शोधून काढले. जाहीरनाम्याचं चर्मपत्र ज्या थाटात मांडलंय तो त्यांना खटकायचा, राज्यकारभाराच्या कागदाची पूजा कशाला, असा त्यांचा प्रश्न. मी रांगेत उभी होते तेव्हा तोच प्रश्न माझ्या डोक्यात होता.

आणि शेवटचं मोठं पुस्तक, तेच माझ्या पिशवीतलं, २०१० चं, राज्यघटना लोकांनी मंजूर कशी केली त्याचं. फिलाडेल्फियात १७८७ च्या सप्टेंबरात मसुदा तयार झाला, पण तो लागू व्हायला तेरापैकी नऊ राज्यांच्या परिषदांची मान्यता हवी होती. परिषदेचे सभासद लोकांनी निवडायचे. विस्कॉन्सिनमध्ये मेरिल जेन्सन आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी त्या वादाची पत्रं, वर्तमानपत्रं, भाषणं वर्षानुवर्षं खपून खंडांमागून खंडांत छापली आहेत. मेयरबाईंनी तो डोंगर उपसला आणि त्यातून माणसं बाहेर काढली. घटनेच्या विरोधकांना त्या 'अँटी-फेडरलिस्ट', म्हणजे संघराज्याचे विरोधक, म्हणत नाहीत. ते नाव त्यांना घटनेच्या पाठीराख्यांनी चिकटवलेलं होतं, मग इतिहासकाराने ते का उचलावं? एवढ्या एका निर्णयासाठी मी त्यांना नमस्कार करीन. पुस्तक आल्यावर तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला त्यांचं निधन झालं. भेट होणं शक्य नव्हतं. म्हणून जागा तरी बघू, या ओढीने मी इथे आले.

मॅसॅच्युसेट्सची परिषद ९ जानेवारी १७८८ ला भरली. सभासदच साडेतीनशेच्या वर, ऐकायला येणारे वेगळे. स्टेट हाऊसमध्ये मावेनात, म्हणून जागा बदलत बदलत सगळे लाँग लेनवरच्या, म्हणजे आताच्या फेडरल स्ट्रीटवरच्या, चर्चमध्ये आले. तिथले धर्मगुरू जेरेमी बेल्कनॅप परिषदेची टिपणं काढत बसायचे. पुढे १७९१ मध्ये त्यांनीच इथली ऐतिहासिक सोसायटी काढली.

२५ जानेवारीचा दिवस मला तोंडपाठ आहे. सटन गावचे एमॉस सिंगलटरी उठले. हे वकील, हे शिकलेले, हे पैसेवाले इतकं गुळगुळीत बोलतात की आम्हा गरीब अडाण्यांच्या घशाखाली गोळी उतरावी, असं म्हणाले. हेच उद्या काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, जाऊन बसतील, सगळी सत्ता आणि पैसा हातात घेतील, आणि बायबलातल्या माशाने योनाला गिळलं तसं आम्हा लहान माणसांना गिळतील. मग लेन्सबरोचे जोनाथन स्मिथ उठले. मी साधा माणूस, नांगरावर जगतो, चारचौघांत बोलायची सवय नाही. आदल्याच वर्षीच्या हिवाळ्यात पश्चिमेकडे कर्जाने आणि करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या मागे जाऊन बंड केलं होतं. स्मिथ त्याच भागातले. चांगलं राज्य नसलं की काय होतं हे मी पाहिलंय, ते म्हणाले. घटना हातात आली तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि आपलं मत आपण केलं. वकिलाला विचारायला गेलो नाही. आमच्या गावात वकील नाही, आणि त्यावाचून आमचं काही अडत नाही.

दोन्ही शेतकऱ्यांची भीती खरी होती. माझे आजोबा कोरेगाव तालुक्यातले, चावडीवर असंच बोलायचे. मी एकतीस वर्षं मुलांना काय शिकवलं? आपलं संविधान तयार व्हायला लागलेला काळ: २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस. एका गुणाचा प्रश्न. आपल्या संविधान सभेतही के. हनुमंतय्या यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, आम्हाला वीणा-सतारीचं संगीत हवं होतं आणि इथे इंग्रजी बँड वाजतोय. ते मला माहीत होतं. पण परीक्षेला येत नाही म्हणून वर्गात एकदाही सांगितलं नाही. याची टोचणी मला त्या रिकाम्या रस्त्यावर फार लागली.

शेवटी मुलगी आली. म्हणाली, "आई, इमारत नसेल, पण ती मंडळी कुठे गेली ते बघू या की." तिने फोनवर शोधलं. लाँग लेनचं नाव परिषदेनंतर फेडरल स्ट्रीट झालं, आणि तिथली मंडळी पुढे शहराच्या पश्चिमेला गेली. १८६१ पासून त्यांचं चर्च आर्लिंग्टन स्ट्रीटवर आहे. आम्ही चालत निघालो, ओल्ड साऊथ मीटिंग हाऊसवरून, कॉमन नावाचं मोठं मैदान ओलांडून, पब्लिक गार्डनमधून. माझे गुडघे कुरकुरत होते, पण ऊन चांगलं होतं.

तपकिरी दगडाचं चर्च. प्रार्थना नुकतीच संपली होती आणि लोक कॉफी घेत उभे होते. दारातच एका पंचाहत्तरीच्या बाईंनी हात धरून आत घेतलं. कोण, कुठल्या, हे विचारायच्या आधी कप हातात दिला. रंगीत काचांच्या खिडक्या दाखवू का, म्हणाल्या. मी भीत भीत विचारलं, लाँग लेनच्या त्या परिषदेबद्दल काही माहीत आहे का. त्यांनी कप खाली ठेवला. "ते आम्हीच," त्या म्हणाल्या.

मला एकदम भरून आलं. या युनिटेरियन मंडळींचं (ख्रिस्ती धर्मातून निघालेला एकेश्वरवादी पंथ) आपल्याशी जुनं नातं आहे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये त्यांच्याच मदतीने ऑक्सफर्डला गेले. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली याच बॉस्टनमध्ये मंडळ निघालं, तेव्हा त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरूच होते. आणि रमाबाईंनी १८८९ मध्ये मराठीत अमेरिकेचं प्रवासवृत्त लिहिलं, त्यात इथली राज्यव्यवस्था समजावून सांगितली. माझ्या आधी एकशे तीसहून जास्त वर्षं! हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी रमाबाईंचं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं. मग विचारलं, परिषदेतला तुमचा माणूस कोण? मी पुस्तक उघडून स्मिथचं बोलणं वाचून दाखवलं. माझे उच्चार त्यांनी सांभाळून घेतले. कॉफी पाणचट होती, पण इतकं अगत्य मला या देशात दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

परतीच्या गाडीत मुलीने विचारलं, "मग जिंकलं कोण?" ६ फेब्रुवारीला मतदान झालं. बाजूने १८७, विरोधात १६८. गव्हर्नर जॉन हॅनकॉक संधिवातामुळे आठवडे घरीच होते. अखेर पायांना फलालीन गुंडाळून त्यांना सभेत आणलं गेलं, आणि त्यांनी नऊ दुरुस्त्या सुचवल्या, तेव्हा कुठे हे जमलं. दहा मतं इकडची तिकडे झाली असती तर चित्र पालटलं असतं.

"आणि हरलेले?"

पान माझ्या हाताशीच होतं. नॉर्टनचे एब्रहॅम व्हाईट शेवटपर्यंत विरोधात होते. निकाल लागल्यावर ते उठले आणि म्हणाले, बहुमताने ठरलं आहे, आता मी माझ्या गावच्या लोकांना या घटनेखाली शांततेने राहायला आणि ती आनंदाने मानायला सांगेन.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग फोन काढून नॉर्टन कुठे आहे ते नकाशात बघू लागली.