पोरं सुधारली, हे कळतं कसं?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अपघात झाला, दोघांचा जीव गेला आणि अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. तेव्हापासून तर जास्तच. मी लंडनमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, यूथ ऑफेंडिंग टीममध्ये आकडेवारी सांभाळते. गुन्ह्यांत अडकलेल्या मुलांबरोबर काम करणारं हे पथक. मामी म्हणाल्या, "तुमच्याकडे तरी सुधारतात का गं पोरं? आणि सुधारली हे तुम्हाला कळतं कसं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

१९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर अ‍ॅक्टनं इंग्लंड-वेल्समधल्या स्थानिक प्रशासनांना अशा टीम उभ्या करायला लावलं. पोलीस, प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारं खातं), समाजसेवा, आरोग्य, शिक्षण अशा सगळ्या खात्यांची माणसं त्यात असतात. काम एकच: दहा ते सतरा वयाच्या मुलांच्या हातून गुन्हे होऊ नयेत. बऱ्याच ठिकाणी नावातला 'ऑफेंडिंग' काढून आता 'यूथ जस्टिस सर्व्हिस' म्हणतात. आपल्याकडचे पेपर 'बालगुन्हेगार' न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' लिहितात, तसंच काहीसं. मामींना तो शब्द एका दमात म्हणता येत नाही, हा भाग वेगळा.

आमच्यावर तीन जुन्या आकड्यांची नजर असते: पहिल्यांदाच गुन्ह्यात नोंद झालेली मुलं, पुन्हा गुन्हा करणारी मुलं आणि कोठडीत गेलेली मुलं. एप्रिल २०२३ पासून त्यात आणखी दहा निर्देशकांची भर पडली. मुलाला राहायला धड जागा आहे का, शाळा किंवा काम चालू आहे का, नशेवर उपचार मिळतात का, इथपासून ते आमच्या टीमवर देखरेख करणाऱ्या मॅनेजमेंट बोर्डाच्या बैठकीला वरिष्ठ मंडळी हजर राहतात का, इथपर्यंत. हे सगळं दर तीन महिन्यांनी वर सरकारकडे जातं. शिवाय प्रोबेशनचे निरीक्षक येऊन फाइली तपासतात आणि 'उत्कृष्ट' ते 'अपुरं' अशा चार पायऱ्यांपैकी एक शिक्का मारून जातात. ते आठवडे कसे जातात, ते न सांगितलेलंच बरं.

पहिल्या आकड्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २००२ च्या सुमारास इथल्या पोलिसांना किती गुन्हे निकाली काढायचे याचं लक्ष्य दिलं होतं. लक्ष्य गाठायचं तर सर्वांत सोपं सावज कोण? शाळकरी पोरं. मैदानातली मारामारी, दुकानातून उचललेलं चॉकलेट, सगळं नोंदीत जायला लागलं. २००७ च्या आसपास नव्यानं नोंद होणाऱ्या मुलांची वर्षाची संख्या लाखाच्या वर होती. पुढे ते लक्ष्य गेलं, किरकोळ प्रकरणं नोंद न करता बाहेरच्या बाहेर हाताळायची पद्धत रुळली आणि अलीकडे हा आकडा आठ-नऊ हजारांवर आला. एवढ्या अवधीत इंग्लंडची मुलं संत झाली, असं कोणी म्हणत नाही. आकड्यात मुलांइतकंच मोठ्यांचं वागणंही मोजलं जातं, हे मी या नोकरीत शिकले.

दुसरा आकडा, पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचा, त्याहून बेरकी. एका तिमाहीतली मुलं घ्यायची, वर्षभर त्यांच्या नोंदी पाहायच्या, मग कोर्टाचे निकाल लागायला आणखी सहा महिने सोडायचे. म्हणजे माझ्या टेबलावर दर येतो तेव्हा तो जवळपास दोन वर्षं शिळा असतो. तिमाहीत मुलं असतात बारा. एक पोरगा बिथरला की आमचा दर आठ टक्क्यांनी वर! त्यात हलकी प्रकरणं आधीच वगळलेली, त्यामुळे आमच्याकडे उरतात ती सगळ्यांत गुंतलेली मुलं. देशभरात साधारण तीनांतलं एक मूल वर्षाच्या आत पुन्हा गुन्हा करतं. आमचा दर त्याच्या वर गेला की बोर्डाच्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघतात, जणू मीच चाकू घेऊन फिरत होते.

म्हणून आम्ही सध्या आमच्याकडे असलेल्या मुलांची यादी दर आठवड्याला पोलिसांच्या नोंदींशी ताडून बघतो. आणि फाइली वाचतो. खरी सुधारणा तिथेच होते, असं माझं मत. एका तिमाहीत आमच्या ऑफिसातल्या ठरलेल्या भेटी चुकवणाऱ्या मुलांची संख्या फुगली. भेटी चुकल्या की प्रकरण परत कोर्टात जाऊ शकतं. फाइलींत 'असहकार', 'प्रेरणा नाही' असं लिहिलेलं. लिहिणारे आम्हीच. एका सहकाऱ्यानं मुलांनाच विचारलं, तेव्हा कळलं की आमच्या ऑफिसकडे येणारी बस ज्या वस्तीतून जाते, तिथल्या पोरांशी यांचं वैर. उतरायचीच काय, वरच्या मजल्यावर बसायचीही भीती. भेटी त्यांच्या घराजवळच्या लायब्ररीत हलवल्या आणि पोरं यायला लागली.

ब्रिटिश खासदार डेव्हिड लॅमी यांच्या २०१७ च्या अहवालानं असंच सगळ्या व्यवस्थेला विचारलं होतं. दहा वर्षांत कोठडीतल्या मुलांमध्ये अल्पसंख्य वंशांच्या मुलांचं प्रमाण २५ वरून ४१ टक्क्यांवर गेलं होतं. कारण सांगा, नाहीतर पद्धत बदला, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हापासून प्रत्येक तक्ता मी वंशानुसार फोडूनही बघते. आमच्या तक्त्यातही तो फरक दिसतोच. त्यावर बोर्डात होणारी शांतता मला पाठ आहे.

"ते सगळं ठीक," मामी म्हणाल्या, "पण सुधारतात का?"

लायब्ररीत येणाऱ्यांतला एकजण शेवटच्या भेटीला आलाच नाही. फोन केला तर टायरच्या दुकानात शिफ्ट चालू होती, मागे यंत्राची घरघर. त्यानं पुन्हा गुन्हा केला की नाही, हे सांगणारा आकडा येईल तेव्हा तो एकोणीस वर्षांचा असेल आणि आमच्या यादीत नसेल. मी त्या दिवशीच्या रकान्यात लिहिलं: 'गैरहजर, कारण मान्य.'